पहिल्या मानाचा दर

जूनचा दुसरा रविवार. वेळ ठरली होती दहाची, बैठक सुरू झाली अकरा वाजून दहा मिनिटांनी. ठिकाण, करंजाड्यातला आमचा गाळा. हजर: गाडीमालक सात, म्हणजे सगळ्यांत थोरले, ज्यांना सगळे दादूस म्हणतात, माजी सरपंच, वहिनी, वहिनींचे दीर, आणि आणखी तिघे, ज्यांनी तीन तासांत चहाखेरीज कशालाही अनुमोदन दिलं नाही. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस एक. मी एक. गैरहजर कुणी नाही, कारण वडापाव मागवले होते.

ही नोंद मी त्याच दिवशी वहीत केली आणि ती अजून जशीच्या तशी आहे. तळोज्याच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं मी कामगारांच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळलं. तीन पाळ्या, चौदा बस, आणि उशीर झाला तर कुणामुळे ते मी सांगायचं. तिथे सवय लागली. कोण होतं, काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत. चार रकाने. कारखान्याने ते काम बाहेर दिलं आणि मी घरी बसले, तेव्हा या सात जणांनी मला बोलावलं. विमानतळाच्या कामात गाव उठून प्लॉट मिळालेली ही माणसं. कुणाची भातशेती होती, कुणाचं मिठागर. मिळालेल्या पैशांतून त्यांनी गाड्या घेतल्या, एकत्र येऊन गाळा घेतला, वर मोठा फलक लावला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की फोन कुणीतरी उचलावा लागतो. पगार वेळेवर देतात, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळी.

कामावर आल्यावर मी पहिल्यांदा पांढऱ्या फळ्यावर गाड्यांची यादी लिहिली. किती माणसं बसतात त्या क्रमाने. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर पुसून पुन्हा लिहिलेली. दादूसची गाडी पहिली, सरपंचांची दुसरी, वहिनींची शेवटची. गावात देवीच्या जत्रेला पहिला नारळ दादूसच्या घराचा, दुसरा सरपंचांच्या घराचा, असा जो मान चालत आलाय तोच क्रम. हळदीला बसायचं त्याच क्रमाने आणि जेवायलाही त्याच क्रमाने. गाळ्यापुढे गाड्याही तशाच लागतात. पहिल्या मानाची गाडी भिंतीलगत, सावलीत. ती बाहेर काढायची तर पुढच्या तीन हलवाव्या लागतात. रोज तीन गाड्या हलवतात. क्रम हलवत नाहीत.

वहिनींची गाडी म्हणजे सतरा सीटर ट्रॅव्हलर, आमच्याकडची सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत जुनी. नवरा गेल्यावर ती त्यांच्या नावावर करायला आम्ही दोघी आरटीओत सात वेळा गेलो. कुठल्या वेळी कुठला कागद कमी पडला ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. सात मालकांत बाई ती एकच, आणि त्यांच्या दिरांना हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. वर्षश्राद्धाला भावकी बसली तेव्हा त्यांनी विषय काढला. बाईमाणसाला ही लाइन जमायची नाही, गाडी मी चालवतो, महिन्याला ठरलेले पैसे वैनीच्या हातात ठेवतो. वहिनी म्हणाल्या, येत्या गणपतीपर्यंत मला बघू द्या. मग सगळ्यांसमोर अट ठरली. गाडीचं पासिंग दिवाळीआधी संपत होतं, आणि मागचे चार टायर बदलल्याशिवाय ती पास होणार नव्हती. गणपतीच्या भाड्यांतून टायर आणि पासिंग दोन्ही वहिनींनी कुणाकडून काही न घेता करून दाखवलं तर गाडी त्यांची. नाही तर दिरांची.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, महिन्याला आयते पैसे मिळतायत तर नको का. त्या गाडीची पुढची काच पुसत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, गाडीत फुडं बसली का मना कोन इचारत नाय, कुटं चाललीस. घरात नुसती चप्पल घातली तरी चार जनी इचारतात."

सॉफ्टवेअर घ्यायचं सुचवलं माजी सरपंचांनी. कारण, खारघरच्या कुणा ट्रॅव्हल्सवाल्याने घेतलं होतं. दुसरं कारण मी विचारलं, ते नव्हतं. कंपनीने पाठवलेला माणूस माझ्याच वयाचा. यापूर्वी तो पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत असे, आणि बोलताना अधूनमधून तेच विकतोय असं वाटे. त्याने लॅपटॉप उघडला. आत ऋतू आधीच भरलेले होते: विंटर, स्प्रिंग, समर, ऑटम. गाडीबरोबर जादा काय हवं त्या यादीत लहान मुलाची खुर्ची होती, सामानाचं कॅरियर होतं आणि स्नो चेन होत्या, म्हणजे बर्फात टायरला बांधायच्या साखळ्या. मी विचारलं, पनवेलला या कुणाला देऊ? तो म्हणाला, ऑप्शन असलेला बरा, मॅडम. मी खूण काढली आणि वहीत लिहिलं: बर्फ रद्द.

एक गोष्ट मात्र त्याने नीट सांगितली, आणि ती ऐकणारी मी एकटीच होते. हंगामाचे नियम करायचे ते असे: नियमाला नाव द्यायचं, कधीपासून कधीपर्यंत ते लिहायचं, कुठल्या गाडीला ते निवडायचं, आणि दर किती टक्के वर किंवा खाली ते भरायचं. असे हवे तेवढे नियम करता येतात. गिऱ्हाइकाने प्रवासाची तारीख टाकली की सॉफ्टवेअर नियमांची यादी वरून खाली वाचत येतं. त्या तारखेला लागू होणारा पहिला नियम सापडला की त्याचा दर लावतं आणि थांबतं. त्याच्या खालचे नियम बघतच नाही. बसच्या वेळापत्रकापेक्षा सोपं. त्याचं बोलणं संपलं तेव्हा सरपंच फोनवर होते आणि दीर वडापावासोबतची मिरची शोधत होते.

मी पाच नियम लिहून आणले होते. गणपती, शिमगा, मे महिना, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, लग्नाच्या तिथी. दोन तासांत पाचाचे अठरा झाले. प्रत्येकाला दुसऱ्याच्या हंगामात दर चढवायचा होता आणि स्वतःच्या हंगामात उतरवायचा होता. चैत्रात एकवीरेला जाताना दर कमी हवा, कारण तेव्हा हे सगळे स्वतःच गाड्या भरून जातात. टेनिस क्रिकेटच्या सामन्यांना खेळाडूंची गाडी अर्ध्या दरात हवी, कारण त्या तिघांपैकी दोघांचे मुलगे खेळतात. सरपंचांना निवडणुकीचा हंगाम हवा होता. तारखा विचारल्या तर म्हणाले, लागतील तेव्हा लागतील, तुम्ही नियम करून तर ठेवा. दिरांना श्रावणाआधीचा शेवटचा रविवार हवा होता. त्या दिवशी कर्जतकडच्या फार्महाउसवर जाणारी मंडळी काय मागाल ते देतात म्हणे. हा एक नियम मी मनातल्या मनात मान्य केला, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

वहिनी शेवटी बोलल्या. कोकणात माणसं सोडली की गाडी रिकामी परत येते. तेव्हा गणपतीच्या आधी जाणाऱ्या गाडीला रिकाम्या परतीचं वेगळं भाडं लावावं, आणि त्याच दिवशी कोकणातून इकडे येणारं कुणी मिळालं तर त्याला कमी दरात आणावं. अठरा नियमांत डोकं चालवून केलेला हा एकच. कुणी विरोध केला नाही, कारण कुणी ऐकलं नव्हतं.

मग दादूसनी घसा साफ केला आणि सगळे गप्प झाले. दादूस सत्तरीच्या पुढचे. तरुणपणी पनवेल–उरण जीप चालवत. ते म्हणाले, "मी तीस वर्सं जीप चालवली. शिमगा असो नाय तर लगीन असो, भाव येकच. गिऱ्हाईक बगून भाव बदलनारा मानूस मना चालत नाय. आदी तो नियम लिवा. बारा मयने साधा दर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांनी चढते-उतरते अठरा दर मागितले होते त्यांनीच. इथली रीत अशी आहे की दादूस बोलले की हो म्हणायचं आणि नंतर आपापलं करायचं. दादूसनाही ते ठाऊक आहे. त्यांना तेवढं हो हवं असतं, पुढचं ते विचारत नाहीत. या रीतीवर गावात लग्नं जुळली, बांधाची भांडणं मिटली, जमिनीही विकल्या गेल्या. अडचण एवढीच होती की सॉफ्टवेअरला तोंडदेखलं हो म्हणता येत नाही. त्याला जे सांगितलं ते ते करतं.

मी म्हणाले, दादूसचा नियम शेवटी टाकू. वर हंगामाचे नियम, तळाला साधा दर. ज्या दिवशी कुठलाच हंगाम नसेल त्या दिवशी तो लागेल.

एकदम गलका झाला. दादूसचं नाव शेवटाला? नियमांना मांडणाऱ्यांची नावं द्यायची हे आधीच ठरलं होतं. ती कल्पनाही सरपंचांचीच. त्यामुळे पडद्यावर दिसत होती ती नियमांची यादी राहिलीच नव्हती, माणसांची झाली होती. आणि माणसांची यादी कशी लागते ते गावात कधीच ठरून गेलंय. मी उठले, फळ्यावर गणपतीच्या आदल्या दिवसाची तारीख लिहिली, आणि यादीवरून बोट फिरवून दाखवलं. हा पहिला नियम, बारा महिन्यांचा. बारा महिन्यांत हा दिवसही आला. म्हणजे सॉफ्टवेअर इथेच थांबणार, खालचे अठरा नियम शोभेचे. मग मी सॉफ्टवेअरच्या माणसाकडे बघितलं. त्याला जेवणाआधी निघायचं होतं. तो म्हणाला, सर म्हणतील तसं सिस्टिम सपोर्ट करते.

दीर हसले. "मॅडम, तुमच्या कंपनीत बशी होत्या. बशींना मान नसतो. हितं मानसं हायत."

ते तिघे हसले. सरपंचही हसले. वहिनी हसल्या नाहीत, त्या फळ्यावरच्या तारखेकडे बघत होत्या.

मला त्या टोमण्याचा राग आला नाही. कारखान्यात याहून वाईट ऐकलंय, आणि तेही पाळी बदलताना, दोनशे माणसांसमोर. राग आला तो याचा की मी काय सांगितलं ते यांतल्या एकालाही कळलं नव्हतं आणि कळून घ्यायची गरजही वाटली नव्हती. मी खाली बसले. एकोणीसही नियम सांगितलेल्या क्रमाने भरले. यादी छापली, खाली 'वरील क्रम सर्वानुमते' असं लिहिलं आणि सातही जणांच्या सह्या घेतल्या. तेही मानाच्या क्रमाने. वहिनींची सही शेवटची, कागदाच्या कोपऱ्यात, कारण तिथवर येईतो जागा उरली नव्हती.

सोमवारी सकाळी मी चाचणी केली. सॉफ्टवेअरमध्ये खोटं बुकिंग टाकून बघायची सोय आहे. गणपतीच्या आदल्या दिवसाची तारीख, सतरा सीटर, पनवेल ते चिपळूण. दर आला साधा. रिकाम्या परतीचं भाडंही नाही. दुसरी गाडी, दुसरी तारीख टाकली. तोच साधा दर. दादूसचा नियम उचलून तळाला ठेवायला दोन मिनिटं लागली असती. तेवढं धाडस नको होतं तर गुरुवारी सुरू होणारं ऑनलाइन बुकिंग आठवडाभर पुढे ढकलता आलं असतं. एका फोनचं काम.

मी वहीत लिहिलं: चाचणी झाली, निकाल अपेक्षेप्रमाणे.

मी का थांबले ते मला पक्कं माहीत आहे. मला हवं होतं की पहिलं बुकिंग दादूसच्या, नाही तर दिरांच्या गाडीचं पडावं, भर गणपतीचं, साध्या दरात. आणि त्यांनी गाळ्यात येऊन विचारावं, मॅडम, हे असं कसं झालं? मग मी तो सह्यांचा कागद पुढे करणार होते. तेव्हा काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. फळ्यावर दादूसची गाडी पहिली, वेबसाइटवर पहिली, तेव्हा गिऱ्हाईकही आधी तीच उचलणार असं मी गृहीत धरलं. त्या आठवड्यात मानाच्या क्रमावर सगळ्यांत जास्त भरवसा कुणी ठेवला असेल तर तो मी.

गणपतीला गावी जाणारं कुटुंब गाडी बघताना मान बघत नाही, माणसं मोजतं. आजी, दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, मखराचं सामान, पितळी भांड्यांच्या पिशव्या. जूनमध्ये गणपतीची गाडी शोधतात ती हीच मोठी कुटुंबं. लहान गाड्या लोक शेवटच्या पंधरवड्यात बघतात. हे मला ठाऊक असायला हवं होतं, आणि ठाऊक होतंही. गुरुवारी सकाळी दहाला बुकिंग उघडलं. अकरा चाळीसला पहिलं आलं: सतरा सीटर, चिपळूण. बाराच्या सुमाराला दुसरं: सतरा सीटर, कणकवली. मी जेवायला बसले आणि तिसरं आलं, सतरा सीटर, पुन्हा कणकवली. गणपतीचे वहिनींचे सगळे दिवस भरले. ॲडव्हान्स जमा झाला, पावत्या आपोआप गेल्या. अख्ख्या पनवेलमध्ये त्या दराने त्या दिवसांची सतरा सीटर दुसरी नव्हती. बाकीच्या सहा जणांच्या एकाही गाडीकडे त्या दिवशी कुणी बघितलं नाही.

डबा उघडा ठेवून मी दादूसचा नियम तळाला नेला. चौथं बुकिंग दुपारी आलं, सरपंचांच्या गाडीचं. त्याला गणपतीचा दर बरोबर लागला. म्हणजे सहा जणांचा हंगाम वाचला तो वहिनींच्या गाडीमुळे, आणि त्यांतल्या एकालाही ते समजलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे पुन्हा जमले. मी म्हणाले, तिन्ही गिऱ्हाइकांना फोन करते, चूक सांगते. योग्य दर देतील तर उत्तम, नाही तर ॲडव्हान्स परत. दादूस नाही म्हणाले. पावती दिली म्हणजे शब्द दिला. दुसऱ्याच्या गाडीवर दिलेला शब्द पाळायला काही लागत नाही, पण हे त्यांना तोंडावर कोण सांगणार. सॉफ्टवेअरच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, रद्द केलंत तर गिऱ्हाईक वाईट शेरा लिहील आणि तो कायम दिसेल. मग मी म्हणाले, निर्णय सातांचा होता, तेव्हा नुकसान सातांनी वाटून घ्यावं. त्या तिघांनी कपांत बघितलं. दीर शांतपणे म्हणाले, वाटून घ्यायला हरकत नाही, पण मग कुणाकडून काही न घेता हे कसं होणार? अट तीच होती.

मला त्यांचा संताप आला आणि ते बरोबर बोलत होते. उत्तर वहिनींनीच दिलं.

"नको. अट मी कबूल केलेली हाय."

सगळे निघाल्यावर त्या शटरपाशी थांबल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, "मॅडम, ह्ये आदी समजलं असतं का कुनाला?"

मी म्हणाले, "मी रविवारी फळ्यावर सांगितलं होतं. कागदावर सगळ्यांच्या सह्या आहेत."

"हा. माजी पन हाय," त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी विचारलं होतं ते सोमवारचं. मी उत्तर दिलं ते रविवारचं.

शनिवारी दादूस आले. पडद्यावर आपलं नाव तळाला दिसल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मी म्हणाले, "दादूस, या सॉफ्टवेअरमध्ये यादी खालून वर वाचतात. तळाचा नियम पहिल्या मानाचा." त्यांनी पुन्हा चष्मा लावला, यादी खालून वर वाचली आणि म्हणाले, "मंग बराबर हाय." त्यांनी सरपंचांना सांगितलं, सरपंचांनी बाकीच्यांना. मंगळवारी दीर येऊन विचारून गेले की आपलं नाव जरा खाली सरकवता येईल का.

अशी ही माणसं. एका खोट्या वाक्याने ती खूश झाली, आणि ते वाक्य मला रविवारी सुचायला काही हरकत नव्हती. त्या फळ्यापुढे उभी राहून मी ते बोलले असते तर दादूस त्या दिवशीही मान डोलावून गेले असते आणि वहिनींच्या गाडीला योग्य दर मिळाला असता. पण रविवारी मला त्यांची समजूत घालायची नव्हती. मला बरोबर ठरायचं होतं. त्यांच्याबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही, फक्त यादीत एक नाव वाढलंय.

वहिनींनी तिन्ही भाडी केली. तिन्ही वेळा त्या स्वतः गेल्या, पुढच्या सीटवर, मांडीवर डबा. पहिल्या दोन खेपांना गाडी रिकामी परत आली, कारण गणपती बसायच्या आदल्या दिवसांत कोकणातून इकडे कोण येणार. मग त्यांनी महामार्गावरच्या एका चहावाल्याचा नंबर मिळवला, त्याला रोज फोन केला, तिसऱ्या खेपेला तिकडेच मुक्काम केला, आणि गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर परतताना अकरा माणसं गोळा करून आणली. तेवढ्यावर टायर झाले. चारही नवे, बिल वहिनींच्या नावाचं. दीर बघायला आले, पायाने टायर दाबून बघितला आणि चांगले घेतलेस म्हणाले. मनापासून म्हणाले असावेत, टायर त्यांनाही लागणारच आहेत. पण पासिंगआधी ब्रेकचं काम निघालं, आणि पासिंगला काही उरलं नाही. योग्य दर लागला असता तर सगळं होऊन थोडं उरलं असतं. मी तीनदा मांडून बघितलंय.

सध्या पितृपक्ष आहे. या दिवसांत ही मंडळी कुठलाच निर्णय करत नाहीत. घटस्थापना झाली की पहिल्या रविवारी भावकी बसेल आणि गाडीचं ठरेल. वहिनी काही मागणार नाहीत, कबूल केलेली अट त्या मागे घेणाऱ्यांतल्या नव्हेत. मला या गावाची एक गोष्ट आता माहीत आहे. इथे अट मोडत नाहीत, पण कारण पटलं तर मुदत वाढवतात. दादूस एका शब्दात वाढवतील. त्यांना कारण मात्र हवं. सात जणांनी मिळून केलेली चूक हे कारण होत नाही, त्यात वहिनींचीही सही आहे. कारण एकच आहे: बुकिंग बघणाऱ्या बाईला सोमवारी दिसलं होतं आणि ती गुरुवारपर्यंत बसून राहिली. तेव्हा यंदाचा गणपती अटीत धरू नये, मे महिन्यापर्यंत मुदत द्यावी.

हे बैठकीत सांगून चालणार नाही. तिथे दीर कंपनीच्या बशींवर काहीतरी बोलतील, ते तिघे हसतील, आणि या वेळी त्यांना हसायला जागा असेल. बैठकीआधी दादूसच्या घरी जाऊन सांगायला हवं. सोमवारच्या चाचणीची नोंद सॉफ्टवेअरमध्ये तारीख-वेळेसकट आहे. ती मी छापून घेतली आहे, कारण दादूस कागदावर विश्वास ठेवतात. बुधवारी मी तो कागद घेऊन त्यांच्या फाटकापर्यंत गेले. अंगणात श्राद्धाची पानं वाढली होती, ते कावळ्यासाठी वर बघत उभे होते, आजूबाजूला दहा-बारा माणसं. मी रिक्षा परत फिरवली. कागद पिशवीत आहे, नोकरी जाईल का हा विचारही पिशवीतच आहे म्हणा.

या आठवड्याची यादी अशी. एक, टायरचं बिल वहिनींच्या फाइलला लावणे. दोन, नवरात्राच्या तारखा सॉफ्टवेअरमध्ये भरून चाचणी घेणे. तीन, शटरला ग्रीस. चार, दादूसकडे जाणे, कागद देणे, तोंडाने सांगणे.

आज शुक्रवार. पहिली तीन झाली.